बहुलक : सर्वाधिक कोण, आणि उरलेले कोण?



ज्यांनी आपल्या शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य वेचले, त्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी संयोजकांचा मनापासून ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानाचा विषय मोठा आणि भारदस्त असावा, असा आपल्याकडे एक संकेत आहे. मी मात्र आज अगदी लहान विषय घेऊन आलो आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात तो सांख्यिकीच्या प्रकरणात दीड-दोन पानांत आटोपतो. परीक्षेत त्याला मिळणारे गुणही थोडेच. त्या विषयाचे नाव बहुलक. दिलेल्या माहितीत सर्वांत जास्त वेळा आलेली किंमत कोणती, हा प्रश्न. आणि तो संगणकाकडून कसा सोडवून घ्यावा, हा त्याचा आजचा पैलू. गणिताच्या शिक्षकांचे स्मरण गणितातलीच एखादी गोष्ट नीट उलगडून करावे, असे मला वाटते. आणि ही गोष्ट उलगडत गेल्यावर ती बडोद्यासारख्या नगरातल्या मराठी शाळेच्या दारापर्यंत येऊन पोहोचते, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

प्रथम थोडी उजळणी करू. दहा मुलांच्या बुटांची मापे पुढीलप्रमाणे आहेत असे समजा : ३, ३, ३, ३, ४, ५, ६, ८, ८, ९. यांची बेरीज ५२, म्हणून सरासरी ५.२. मापे चढत्या क्रमाने मांडली तर मधली दोन ४ आणि ५, म्हणून मध्यक ४.५. आणि सर्वाधिक वेळा आलेले माप ३, म्हणून बहुलक ३. एकाच माहितीतून तीन उत्तरे निघाली आणि तिन्ही बरोबर आहेत. पण बुटांच्या दुकानदाराला ५.२ मापाचा बूट मागवता येत नाही. तो कारखान्यात तयारच होत नाही. त्याला उपयोगी पडतो तो बहुलक, कारण बहुलक ही नेहमी माहितीतली एक खरीखुरी किंमत असते. तिचा आणखी एक विशेष आहे. सरासरी काढायला बेरीज लागते, मध्यकाला निदान क्रम लागतो. बहुलकाला दोन्ही लागत नाही. रंग, गाव, आडनाव, मातृभाषा यांची सरासरी निघत नाही. बहुलक मात्र निघतो. कार्ल पिअर्सन यांनी १८९५ साली या किमतीला इंग्रजीत ‘मोड’ हे नाव दिले आणि सांख्यिकीच्या पुस्तकांत ते रूढ झाले.

नाव अर्वाचीन असले तरी कल्पना फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस यांनी प्लाटीया नगराच्या वेढ्याची हकिकत लिहून ठेवली आहे. इसवी सनपूर्व ४२८ च्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या लोकांनी शत्रूने बांधलेली भिंत ओलांडून निसटण्याचा बेत केला. त्यासाठी भिंतीच्या उंचीइतक्या शिड्या हव्या होत्या. आणि भिंतीपाशी जाऊन तिची उंची मोजणे तर अशक्य होते. भिंतीच्या एका भागाला नीट गिलावा झालेला नव्हता, त्यामुळे विटांचे थर दुरून दिसत होते. पुष्कळ जणांनी ते थर एकाच वेळी आणि पुन्हा पुन्हा मोजले. काहींची मोजणी चुकेल, पण बहुतेकांची बरोबर येईल, हा त्यामागचा विचार होता. मग विटेच्या जाडीवरून त्यांनी शिडीची लांबी ठरवली. त्या रात्री दोनशेबारा माणसे सुखरूप निसटली. तेथे सरासरीचा उपयोग झाला नसता, कारण एकाने फारच चुकीचा आकडा सांगितला असता तर सरासरी बिघडली असती. चुका चहूकडे विखुरतात आणि सत्य एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येते, हे त्या लोकांनी ओळखले होते. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. पुढे मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

नवव्या शतकात बगदाद येथे अल-किंदी या विद्वानाने गुप्तलिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली, तिचाही पाया हाच आहे. भाषेत कोणते अक्षर सर्वाधिक येते ते साध्या मजकुरावरून मोजावे. गुप्त मजकुरात कोणते चिन्ह सर्वाधिक येते तेही मोजावे. आणि एकाच्या जागी दुसरे ठेवून पाहावे. एवढ्या साध्या मोजणीने पुष्कळ गुप्तलिप्यांची कुलुपे उघडली.

आता ही मोजणी करावी कशी? शाळेत आपण ताळ्याच्या खुणा करायला शिकतो. प्रत्येक किमतीपुढे एकेक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी, आणि शेवटी वारंवारता सारणी. यंत्राकडून अशा खुणा करून घेण्याचे मोठे काम हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत केले. प्रत्येक माणसामागे एक कार्ड, प्रत्येक उत्तरासाठी त्या कार्डावर ठरावीक जागी भोक. यंत्रातल्या सुया भोकांतून खाली पाऱ्यात उतरत, विजेचे मंडल पूर्ण होई आणि त्या उत्तराच्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. ती तबकडी म्हणजे आपल्या ताळ्याच्या खुणांचेच यांत्रिक रूप होते.

आजच्या संगणकाला हे काम अनेक रीतींनी सांगता येते आणि रीतीरीतींत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आपल्याजवळ दहा लाख नोंदींची यादी आहे असे धरू. सर्वांत भाबडी रीत अशी, की प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहावी. अशा तुलना सुमारे पन्नास हजार कोटी होतात. सेकंदाला दहा कोटी तुलना करणारे यंत्र घेतले तरी पाच हजार सेकंद, म्हणजे सव्वा तासाहून अधिक वेळ लागेल. दुसरी रीत थोडी शहाणपणाची आहे. आधी सगळी यादी क्रमाने लावावी. समान किमती आपोआप शेजारी येतात. मग एकदाच यादीवरून जात सर्वांत लांब रांग कोणाची ते पाहावे. चांगल्या रीतीने क्रम लावला तर सुमारे दोन कोटी तुलना पुरतात. त्याच यंत्राला याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागेल. सव्वा तासाचे काम पापणी लवेपर्यंत झाले, ते यंत्र बदलून नव्हे, तर विचार बदलून. गणिताचे शिक्षक ‘रीत लिहा, नुसते उत्तर नको’ असा आग्रह का धरतात, याचे याहून चांगले समर्थन मला ठाऊक नाही.

तिसरी रीत टपाल कार्यालयातल्या छाननीसारखी आहे. पत्रे वाटणारा माणूस एका पत्राची दुसऱ्याशी तुलना करीत बसत नाही. पत्ता वाचतो आणि पत्र थेट त्या गावाच्या खणात टाकतो. संगणकालाही असे खण देता येतात. ‘बडोदे’ या शब्दावर एक ठरावीक गणिती क्रिया केली की एक संख्या मिळते आणि ती संख्या म्हणजे खणाचा क्रमांक. पुन्हा ‘बडोदे’ आले की तीच संख्या, तोच खण, आणि त्यातील आकडा एकाने वाढतो. या युक्तीला हॅशिंग म्हणतात. पायथन या संगणकभाषेत या खणांच्या कपाटाला डिक्शनरी म्हणतात आणि त्याच पायावर उभे केलेले काउंटर नावाचे तयार साधनही तीत आहे. दहा लाख नोंदींसाठी यादीवरून एकच फेरी पुरते. यादी वाचायची, खणातले आकडे वाढवायचे, आणि शेवटी सर्वांत मोठा आकडा कोणत्या खणात आहे ते पाहायचे. आठवीतला विद्यार्थीही पाच-सहा ओळींत ही आज्ञावली लिहू शकेल.

परंतु खण ठेवायला जागा लागते. वेगवेगळ्या किमती कोट्यवधी असतील आणि त्या ओघाने वाहत्या पाण्यासारख्या येत असतील, तर कपाट पुरत नाही. येथे एक अतिशय सुंदर युक्ती आहे. रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी ती १९८१ साली मांडली. ती समजावून घेण्यासाठी एका मोठ्या सभेची कल्पना करा. सभेत अनेक पक्षांची माणसे आहेत. भिन्न पक्षांच्या दोन-दोन माणसांची जोडी करून दोघांनाही बाहेर पाठवायचे. एखाद्या पक्षाची माणसे निम्म्याहून अधिक असतील, तर इतर सर्वांनी मिळून त्यांच्याशी जोड्या लावल्या तरी त्या पक्षाची काही माणसे आत उरणारच. संगणकाला यासाठी दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात : सध्याचा उमेदवार आणि एक आकडा. उमेदवाराचेच नाव पुन्हा आले तर आकडा एकाने वाढवायचा, दुसरे आले तर एकाने कमी करायचा, आणि आकडा शून्य असताना जे नाव येईल ते नवा उमेदवार.

नोंदी अशा आल्या : क, ख, क, क, ग, क, ख, क, क. आकडा क्रमाने एक, शून्य, एक, दोन, एक, दोन, एक, दोन, तीन असा जातो आणि शेवटी ‘क’ उरतो. नऊपैकी सहा नोंदी त्याच्याच आहेत, म्हणून उत्तर बरोबर आहे. आता दुसरी यादी पाहू : क, क, ख, ख, ग. आकडा एक, दोन, एक, शून्य असा जातो, मग ‘ग’ येतो आणि उमेदवार होऊन बसतो. वास्तविक ‘ग’ एकदाच आला आहे. ‘क’ आणि ‘ख’ प्रत्येकी दोनदा. मग युक्ती खोटी ठरली का? नाही. युक्तीचे वचन एवढेच होते, की निम्म्याहून अधिक असा कोणी असेल तर तोच उरेल. तसा कोणी नसेल तर काय उरेल, याबद्दल तिने काहीच म्हटलेले नव्हते. म्हणून दुसरी फेरी करून, उरलेल्या उमेदवाराच्या नोंदी प्रत्यक्ष मोजून खात्री करून घ्यावी लागते. एखादे साधन काय वचन देते आणि काय देत नाही, हे नीट वाचण्याची सवय हा गणिताने लावलेला सर्वांत मौल्यवान संस्कार होय.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले जयदेव मिश्र आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ग्रीस यांनी हीच कल्पना विस्तारली. एका उमेदवाराऐवजी नऊ उमेदवार आणि नऊ आकडे ठेवले, तर एकूण नोंदींच्या दहाव्या हिश्शाहून अधिक वेळा आलेली एकही किंमत निसटत नाही. महाजालावरून वाहणाऱ्या अफाट माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या रीतींच्या घराण्यात या रीतीचे स्थान मूळपुरुषाचे आहे. मात्र कितीही मोठ्या ओघातला नेमका बहुलक, थोड्या जागेत आणि एकाच फेरीत, खात्रीने सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हेही १९९६ साली अलॉन, मॅटियास आणि सेगेडी यांच्या निबंधातून सिद्ध झाले. काय शक्य आहे हे जसे गणित सांगते, तसेच काय शक्य नाही हेही तेच सांगते.

येथवर रीतींविषयी बोललो. आता मला त्याहून अवघड वाटणाऱ्या भागाकडे वळतो. संगणक मोजतो अचूक, पण काय मोजायचे आणि कोणास समान मानायचे, हे ठरवणे त्याच्या हाती नसते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या संस्थेच्या सभासदांच्या यादीत गावाच्या रकान्यात ‘सुरत’ १२० वेळा, ‘वडोदरा’ ९५ वेळा, ‘बडोदा’ ७० वेळा आणि ‘बडोदे’ ४० वेळा आले आहे. संगणक क्षणार्धात सांगेल, सर्वाधिक सभासद सुरतचे. आपण सर्व जाणतो, की शेवटची तिन्ही नावे एकाच गावाची आहेत आणि त्या गावाचे सभासद २०५ आहेत. संगणकाची मोजणी चुकलेली नाही. आपण त्याला प्रश्न चुकीचा विचारला. निवृत्त होईपर्यंत माझा बराच काळ अशा याद्या स्वच्छ करण्यात गेला. मोजणीला एक मिनिट आणि यादी स्वच्छ करायला एक महिना, असे प्रमाण मी पुष्कळदा पाहिले आहे.

मराठीपुरती एक अडचण तर डोळ्यांनाही दिसत नाही. ‘कऱ्हाड’ या नावातला अर्धा ‘ऱ’ संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, आणि साध्या ‘र’पुढे हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही तीच आकृती पडद्यावर उमटवता येते. छापल्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत आणि ते दोन खणांत जातात. अक्षरे एकरूप करण्याची जी प्रमाण रीत उपलब्ध आहे, तिनेही हे अदृश्य जोडचिन्ह जात नाही. त्याची दखल वेगळी घ्यावी लागते. मराठी जाणणाऱ्या माणसानेच हे काम केले पाहिजे, कारण इतरांना ही अडचण आहे हेसुद्धा कळणार नाही.

दुसरा प्रश्न बरोबरीचा. दोन किमती सारख्याच वेळा आल्या तर बहुलक कोणता? पाठ्यपुस्तक सांगते, की अशा वेळी दोन बहुलक असतात. संगणकांची साधने मात्र यावर एकमताची नाहीत. पायथनमध्ये २०१४ साली सांख्यिकीचा विभाग आला, तेव्हा बहुलक काढणारी त्याची आज्ञा अशा वेळी उत्तर द्यायला नकार देई. बहुलक एकमेव नाही, असे सांगून थांबे. २०१९ साली ती बदलली. तेव्हापासून ती बरोबरीतल्या किमतींपैकी यादीत जी प्रथम आली तिचे नाव सांगते, आणि सगळ्या हव्या असतील त्यांच्यासाठी वेगळी आज्ञा दिलेली आहे. रिकाम्या जागा भरण्यासाठी वापरले जाणारे पायथनमधलेच दुसरे एक प्रचलित साधन बरोबरीतल्या किमतींपैकी सर्वांत लहान, म्हणजे शब्द असतील तर अक्षरक्रमात आधी येणारी, किंमत उचलते. आर या सांख्यिकीच्या भाषेत तर ‘मोड’ नावाची आज्ञा माहिती कोणत्या प्रकारची साठवली आहे एवढेच सांगते. बहुलकाशी तिचा संबंधच नाही. नाव पाहून विश्वास टाकणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याची तेथे हमखास फसगत होते.

बरोबरीचा प्रश्न किरकोळ वाटेल. आपल्या देशाच्या कायद्याने मात्र तो किरकोळ मानलेला नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दोन उमेदवारांना समान मते पडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय करावा, असे स्पष्ट लिहिले आहे. चिठ्ठीचा न्याय कोणाला आवडेल, कोणाला नाही. पण तो आधीपासून जाहीर आहे, उघड्यावर होतो आणि त्यात कोणाचे नाव आधी लिहिले होते याला महत्त्व नसते. संगणकाच्या आज्ञावलीत हाच निर्णय निमूटपणे होऊन जातो. एखाद्या वर्गात गुजराती आणि मराठी मातृभाषेची मुले सारखीच असतील आणि साधन अक्षरक्रमाने चालत असेल, तर ‘ग’ हा ‘म’च्या आधी येतो म्हणून उत्तर गुजराती येईल. देवनागरीत लिहा, गुजरातीत लिहा, रोमन लिपीत लिहा. तिन्हींत क्रम तोच. यात कोणाचा द्वेष नाही, कोणाचा डाव नाही. पण निर्णय झाला आहे, आणि तो कोणी घेतला हे विचारायला माणूस सापडत नाही.

आता मी सुरुवातीला केलेल्या विनंतीकडे येतो. चुका विखुरतात आणि सत्य एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येते, असे मी म्हटले होते. प्लाटीयाच्या भिंतीला विटांचे थर ठरावीकच होते. ज्यांनी वेगळा आकडा सांगितला, ते चुकलेच होते. अशा ठिकाणी बहुलक हा सत्याचा शोध असतो आणि उरलेली उत्तरे टाकून देणे योग्यच असते. पण मातृभाषेचा रकाना हा विटांचा थर नव्हे. चाळीस मुलांच्या वर्गात बावीस मुलांनी गुजराती लिहिले आणि नऊ मुलांनी मराठी लिहिले, तर ती नऊ मुले मोजायला चुकलेली नाहीत. त्यांचे उत्तरही तितकेच सत्य आहे. पहिल्या प्रकारात एक सत्य आणि अनेक चुका असतात. दुसऱ्या प्रकारात अनेक सत्ये असतात आणि त्यांतले एक संख्येने मोठे असते. संगणकाला दोन्ही याद्या सारख्याच दिसतात. हा भेद फक्त माणसाला दिसतो, आणि तोही त्याने पाहायचे ठरवले तर.

हा भेद विसरल्याने काय होते, ते आपल्याला जवळच्या आकड्यांतच पाहू. त्याच वर्गात बावीस गुजराती, नऊ मराठी, तीन सिंधी आणि सहा मुलांचा रकाना कोरा आहे असे समजा. माहितीत कोरी जागा राहिली की पुढची गणिते अडतात. म्हणून कोऱ्या जागी त्या रकान्यातली सर्वाधिक आलेली किंमत भरून टाकावी, अशी एक सोयीची रीत प्रचारात आहे. तयार साधनांत ती एका शब्दात सांगता येते. तसे केले की गुजराती बावीसऐवजी अठ्ठावीस होतात. ज्यांनी उत्तर दिले त्या चौतीस मुलांत मराठीचे प्रमाण साडेसव्वीस टक्के होते. भरलेल्या रकान्यात ते साडेबावीस टक्क्यांवर येते. सिंधीचेही तसेच होते. एकही मूल वर्गातून गेलेले नाही, एकाही पालकाने आपली भाषा बदललेली नाही, तरी कागदावर मराठी घरे कमी झाली. हीच रीत शाळा, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यापायऱ्यांनी चालवली, तर प्रत्येक पायरीवर मोठा आकडा फुगत जातो आणि लहान आकडा खंगत जातो.

शिवाय रकाना कोरा कोणाचा राहतो, याचाही विचार करावा. ज्या घरात आई मराठी आणि वडील गुजराती बोलतात, तेथे एकच शब्द लिहायला हात थबकतो. पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलेल्या कुटुंबात घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी असते. त्यांचे कोरे उत्तर हेसुद्धा एक उत्तर आहे. त्याचा अर्थ ‘बहुसंख्यांसारखाच धरा’ असा होत नाही. कोरे ते कोरेच ठेवावे, त्याची वेगळी मोजणी करावी, आणि शक्य असेल तर पुन्हा घरी जाऊन विचारावे. एका वर्गातल्या सहा पालकांना विचारायला वर्गशिक्षिकेला एक संध्याकाळ पुरेल.

हे सारे मी इतक्या आस्थेने का सांगतो आहे, ते उघड आहे. याच नगरात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संपूर्ण राज्यात लागू केले. प्रत्येक मूल शाळेत आणायचे तर प्रत्येक मूल मोजावे लागते. ‘बहुतेक’ मुले मोजून ते काम होत नाही. पुढे १९५६ साली आपल्या राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याक गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे ते सांगते. तिसावे कलम अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. हे हक्क कागदावर भक्कम आहेत. पण सोय कोणासाठी करायची, हे कळायला आधी मोजणी हवी. रकान्यातून जी मुले नाहीशी झाली, त्यांच्यासाठी वर्गखोली कोणी बांधणार नाही आणि शिक्षकही कोणी नेमणार नाही. मराठी शाळांची पटसंख्या घटते आहे, ही चिंता आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात व्यक्त करतो. ती खरी आहे आणि तिची कारणे अनेक आहेत. परंतु घटलेला पट आणि चुकीचा भरलेला पट यांत फरक करायला आपण शिकलो नाही, तर आपले दुःखही आपल्याला नीट मांडता येणार नाही.

म्हणून माझ्या तरुण मित्रांना मी थोड्या सूचना करतो. नुसता बहुलक कधीही सांगू नका. त्याच्याबरोबर किती पैकी किती, तेही सांगा. बुटांच्या उदाहरणात ३ हे माप बहुलक होते, तरी दहापैकी सहा मुलांना ते होणार नव्हते. सर्वाधिक असणे म्हणजे बहुमत असणे नव्हे, आणि बहुमत असणे म्हणजे सर्व असणे तर नव्हेच. बरोबरी झाल्यास काय करायचे ते आज्ञावली लिहिण्याआधी ठरवा आणि उघडपणे लिहून ठेवा. कोणते शब्द समान मानले त्याची यादी निकालासोबत जोडा, म्हणजे दुसऱ्याला ती तपासता येईल. आणि एखाद्या नव्या साधनावर विश्वास टाकण्यापूर्वी दहा-बारा नोंदींची यादी घेऊन ताळ्याच्या खुणांनी हाताने उत्तर काढा. मग यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहा. ज्या शिक्षकांच्या नावाने आज आपण जमलो आहोत, त्यांच्या पिढीने हातानेच गणित केले. त्यामुळे आकडा आला की तो शक्य कोटीतला आहे की नाही, हे त्यांना नुसत्या नजरेने कळत असे. ती नजर यंत्राबरोबर विकत मिळत नाही. ती वर्गातच, फळ्यासमोर तयार होते.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण संगणकाच्या क्षेत्रात आहेत, काही परदेशांत आहेत. शाळेला देणगी द्याच. पण शाळेचा गेल्या काही दशकांचा प्रवेशपट नीट वाचून, नावांची आणि गावांची रूपे जुळवून, कोरे ते कोरे ठेवून संगणकावर आणण्याचे काम आपण हाती घेतले, तर ती देणगीपेक्षा मोठी सेवा होईल. हे काम मराठी न जाणणाऱ्या कुणाला सोपवून होणारे नाही, हे ‘कऱ्हाड’च्या उदाहरणावरून आपल्याला दिसलेच आहे. त्या पटातून कोणते आडनाव सर्वाधिक आले, हे आपल्याला एका मिनिटात कळेल आणि त्याची गंमतही वाटेल. परंतु जी आडनावे फक्त एकदा आली आहेत, त्यांच्यापुढची ती एकेक रेघ मला अधिक मोलाची वाटते. त्या एका रेघेमागे या शाळेवर विश्वास टाकून आपले मूल घेऊन आलेले एक घर आहे.